धंद्याच्या हिशेबाची दुसरी प्रत

दिवाळीत वहीपूजन आजही आपल्या दुकानांत, दवाखान्यांत आणि कचेऱ्यांत होते. लाल कापडी बांधणीचा चोपडा पाटावर ठेवतात, त्यावर स्वस्तिक काढतात, 'शुभ-लाभ' लिहितात आणि लाभपंचमीनंतर तो कपाटात जातो. वर्षभराचा खरा हिशेब मात्र शेजारच्या टेबलावरच्या संगणकात असतो. बिले तिथेच निघतात, उधारी तिथेच चढते, जीएसटीचे आकडे तिथूनच बाहेर पडतात. काही ठिकाणी पूजेच्या दिवशी त्या संगणकालाही हळदकुंकू लागते. ते योग्यच आहे, पण तो संगणक उद्या चालूच झाला नाही तर काय, हा प्रश्न फारच थोड्या ठिकाणी विचारला जातो.

बडोद्यातल्या आपल्या समाजात नोकरदार जितके आहेत, तितकेच स्वतःचा लहानमोठा व्यवसाय करणारेही आहेत. दांडिया बाजार-रावपुऱ्यातली दुकाने, मकरपुरा जीआयडीसीतली जॉबवर्कची युनिटे, दवाखाने, सीएंची कार्यालये, फोटो स्टुडिओ, क्लासेस, डबे आणि केटरिंग, सगळे त्यात आले. अशांसाठी बॅकअपविषयीची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला वेगळी माणसे असतात. आपल्याकडे हे काम मालकाचे, नाहीतर मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे असते. लेख त्या दोघांसाठी आहे.

जुन्या वहीत काय होते

जुन्या पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोनदा लिहिला जाई. आधी रोजमेळात तारखेप्रमाणे, मग खतावणीत त्या त्या माणसाच्या खात्यावर. खतावणीची पाने वाळवीने खाल्ली तरी रोजमेळावरून ती पुन्हा बांधता येई. शाईने लिहिलेली नोंद चुकून 'डिलीट' होत नसे. खोडली तरी खोडल्याची खूण राही. आग आणि पूर यांपुढे वहीचेही काही चालत नसे, पण एका बोटाच्या चुकीने पाच वर्षांचा हिशेब नाहीसा होण्याची सोय तिच्यात नव्हती.

संगणकाने वेग दिला, बेरीज चुकणे थांबवले, पण ही दुहेरी नोंद काढून घेतली. पडद्यावर रोजमेळही दिसतो आणि खतावणीही दिसते. दोन्ही एकाच फाइलमधून निघतात. फाइल गेली की दोन्ही गेली.

नेमके जाते काय

'आमचे सगळे जीएसटी पोर्टलवर आहे, सीएंकडेही आहे' असे उत्तर नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. पोर्टलवर आपण भरलेली विवरणपत्रे असतात, सीएंकडे मागच्या वर्षाचा ताळेबंद असतो. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी थकली आहे, त्याने मागच्या महिन्यात चेक दिला होता की रोख, कोणत्या पुरवठादाराशी कोणता भाव ठरला होता, गोदामात कोणता माल किती शिल्लक आहे, हे तिथे नसते. पोर्टलवरची विवरणपत्रेही कायमची राहतील असे धरून चालू नये. विवरणपत्रांची माहिती सात वर्षांपर्यंतच पाहता येईल, जुनी उतरवून घ्या, अशी सूचना जीएसटी नेटवर्कने सप्टेंबर २०२४ मध्ये दिली होती.

लहान धंद्यात उधारीची यादी म्हणजेच भांडवल. गल्ल्यातली रोकड चोरीला गेली तर एका दिवसाचा गल्ला जातो. उधारीची यादी गेली तर कोणाकडे काय मागायचे तेच कळत नाही, आणि 'तुमच्याकडेच बघा ना किती निघतात ते' असे गिऱ्हाइकाला सांगण्याची वेळ येते. सज्जन गिऱ्हाईक पैसे देईल, पण आकडा तो सांगेल.

प्रत्येक व्यवसायात जाणारी वस्तू वेगळी असते. डॉक्टरांकडे ती रुग्णाचा इतिहास असतो: कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणत्या वर्षी कोणती शस्त्रक्रिया. जॉबवर्कवाल्याकडे ती ड्रॉइंगे आणि सीएनसी मशीनचे प्रोग्राम. फोटो स्टुडिओकडे लोकांची लग्ने, म्हणजे पुन्हा काढता न येणारे फोटो. छापखान्याकडे वर्षानुवर्षे जमवलेल्या पत्रिकांचे आणि लेबलांचे नमुने. म्हणून बॅकअपचा विचार 'कोणते सॉफ्टवेअर घ्यावे' इथून सुरू करू नये. उद्या सकाळी दुकान उघडले, संगणक मेलेला आहे, तर कशावाचून काम अडेल याची यादी आधी कागदावर करावी. ती सहसा एका पानात बसते.

पाणी, वीज आणि माणूस

हार्ड डिस्क हे यंत्र आहे आणि ते झिजते. एसएसडीत फिरणारे भाग नसतात, पण ती बिघडते तेव्हा बहुधा आवाज न करता, एकदम बिघडते. पेनड्राइव्ह हा फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी आहे. पाच वर्षे कपाटात ठेवून हिशेब जपण्यासाठी नाही. काम चालू असताना वीज गेली तर उघडी असलेली हिशेबाची फाइल खराब होऊ शकते, म्हणून यूपीएस हवाच.

पाण्याबद्दल बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहराच्या कितीतरी भागांत शिरले. त्याआधी ३१ जुलै २०१९ चा पाऊसही सगळ्यांच्या लक्षात आहे. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ मध्ये आणि महाड-चिपळूणकडे जुलै २०२१ मध्ये हेच झाले, आणि आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तिकडे आहेत. अशा वेळी एक साधी गोष्ट नजरेला येते. दुकानात संगणकाचा डबा टेबलाखाली जमिनीवर असतो, यूपीएस त्याच्या शेजारी, आणि बॅकअपची डिस्क टेबलाच्या खालच्या खणात. तिन्ही गोष्टी जमिनीपासून दोन फुटांच्या आत. गुडघाभर पाणी पुरते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र माणसाच्या हातून होते आणि त्याची बातमी होत नाही. नवीन मुलाने जुनी वाटलेली फाइल पुसली. एका पार्टीच्या खात्यातल्या नोंदी दुसऱ्या पार्टीवर गेल्या. विंडोज नव्याने टाकताना तंत्रज्ञाने 'काही ठेवायचे आहे का' असे विचारले आणि काउंटरवरच्या गर्दीत कोणीतरी 'नाही' म्हणाले. अशा चुकांची आणखी एक खोड आहे. त्या उशिरा कळतात. जूनमध्ये पुसलेले खाते सप्टेंबरात शोधले जाते, आणि तोवर बॅकअप घेतला असला तरी त्या बॅकअपमध्येही ते खाते नसते.

खंडणी मागणारे प्रोग्राम

रॅन्समवेअर हा शब्द आता वर्तमानपत्रांतही येतो. हा प्रोग्राम संगणकात शिरतो, आपल्या फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. फाइली जागेवर दिसतात, पण उघडत नाहीत. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा असा प्रोग्राम दीडशेहून अधिक देशांत पसरला. प्रत्येक संगणकामागे ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागणारी पाटी पडद्यावर येत होती. तो ज्या भेगेतून शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांचे संगणक अडकले.

त्याच वर्षी २७ जूनला 'नॉटपेट्या' आला, आणि त्याची झळ थेट न्हावाशेव्याला लागली. जवाहरलाल नेहरू बंदरातले एक कंटेनर टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. त्यांची यंत्रणा बंद पडली आणि कंटेनरांचे काम हाताने करण्याची पाळी आली. मर्स्कचे जगभरचे संगणक त्या दिवशी मिनिटामिनिटाला काळे पडत गेले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितले की दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता.

या प्रकरणातला एक तपशील लहान व्यावसायिकाने मुद्दाम वाचण्यासारखा आहे. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरांचे बॅकअप होते. नव्हता तो एकाच गोष्टीचा: कोणत्या कर्मचाऱ्याला कशात प्रवेश आहे याची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांचा. असे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल आपोआप ठेवत. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. सगळे एकदम जातील हे कोणी धरले नव्हते. अखेर शोध घेता घेता घानाच्या कार्यालयातला एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्याची हार्ड डिस्क विमानाने इंग्लंडला आणली गेली आणि तिच्यावरून पुढचे सगळे उभे राहिले.

एकमेकांशी सतत जोडलेल्या दहा प्रती हल्ल्याच्या वेळी एकच प्रत ठरतात. वायर काढून ठेवलेली एक प्रत मात्र वेगळी उरते. दुकानातल्या संगणकाला बारा महिने लटकलेली बाह्य हार्ड डिस्क रॅन्समवेअरला संगणकाच्याच आणखी एका कप्प्यासारखी दिसते, आणि तीही कुलूपबंद होते.

आपल्या देशातले मोठे उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथले पाच सर्व्हर अडकले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. नोंदणी, भेटीच्या वेळा, तपासणीचे अहवाल, सगळे काही दिवस कागदावर करावे लागले. पण रुग्णालयाच्या मुख्य प्रणालीचा एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता, आणि त्यावरून माहिती नव्या सर्व्हरांवर परत घेता आली. हाल झाले, वेळ गेला, पण रुग्णांच्या नोंदी राहिल्या.

असा प्रसंग आलाच तर सगळ्यात आधी इंटरनेटची आणि दुकानातल्या जाळ्याची वायर काढावी. घाबरून बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला जोडू नये. ही चूक फार होते आणि मग वाचलेली प्रतही जाते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी. एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवणे व्यवसायांवर बंधनकारक आहे. काही जुन्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या युरोपीय पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांच्या संयुक्त संकेतस्थळावर मोफत मिळतात, ते एकदा पाहावे. खंडणी देऊन किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही.

तीन प्रती

या कामाचा जगभर मान्य असलेला एक सोपा नियम आहे आणि तो संगणकतज्ज्ञाने नव्हे, तर पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. फोटो स्टुडिओवाल्यांना याचा आनंद व्हावा. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. कामाची मूळ फाइल ही या तीनांपैकी पहिली.

दुसऱ्या जागेची अट लोक सोडून देतात. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांनी बॅकअप घेतलेला होता, पण तो त्याच आवारात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचारी ज्यात फाइली ठेवत ती 'जी-ड्राइव्ह' नावाची साठवण नष्ट झाली: ८५८ टेराबाइट, आणि तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. तंत्रज्ञानात इतक्या पुढे असलेल्या देशात हे घडू शकते, तर दुकानाच्या वरच्या मजल्यावर ठेवलेल्या डिस्कला 'दुसरी जागा' म्हणताना आपण दोनदा विचार करावा.

लहान दुकानासाठी आम्ही सुचवतो ती पद्धत अशी. काही हजार रुपयांत मिळणाऱ्या दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्यांवर ठळक 'अ' आणि 'ब' लिहावे. एक दुकानात, एक घरी. दुकानातल्या डिस्कवर रोज संध्याकाळी गल्ला मोजायच्या वेळी प्रत घ्यावी, आणि प्रत झाली की वायर काढून ती उंच फळीवर ठेवावी. दर शनिवारी 'अ' घरी जाते आणि 'ब' दुकानात येते. घर आणि दुकान एकाच इमारतीत असेल तर दुसरी डिस्क बहिणीकडे, मेव्हण्याकडे, कुठेही वेगळ्या भागात राहू द्यावी. त्याखेरीज क्लाउडवर एक प्रत गेली तर उत्तमच.

किती वेळा प्रत घ्यायची, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या कामावरून काढावे. रोज ६० बिले फाडणाऱ्या दुकानाने आठवड्यातून एकदाच बॅकअप घेतला, तर शनिवारी संगणक बसल्यावर ३६० बिलांपर्यंत पुन्हा चढवावी लागतील. एकाला दोन मिनिटे धरली तरी बारा तास, तेही कच्ची बिले जपून ठेवली असतील तर. महिन्याला चार पावत्या करणाऱ्या सल्लागाराला आठवड्याचा बॅकअप पुरतो.

आणि एकाच फाइलवर रोज नवी फाइल चढवू नये. वर सांगितलेले जूनमधले खाते सप्टेंबरात परत हवे असेल तर जूनची प्रत शिल्लक हवी. निदान मागच्या सात दिवसांच्या, मागच्या बारा महिन्यांच्या आणि प्रत्येक ३१ मार्चनंतरची एक, अशा प्रती तारखेच्या नावाच्या फोल्डरात ठेवाव्यात. हिशेबाच्या फाइली लहान असतात, जागा फारशी लागत नाही. फोटोंचे गणित निराळे आहे. तिथे जागेचा खर्च खरोखर होतो आणि तो ग्राहकाच्या बिलात धरायला हरकत नाही.

क्लाउड म्हणजेच बॅकअप का?

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा मुळात 'सिंक' करतात, म्हणजे संगणकावरचे फोल्डर आणि क्लाउडवरचे फोल्डर सारखे ठेवतात. सारखे ठेवणे आणि जपून ठेवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. संगणकावर फाइल पुसली की ती तिकडूनही पुसली जाते; इकडे कुलूपबंद झाली की तीच कुलूपबंद फाइल तिकडे चढते. मर्स्कच्या १५० सर्व्हरांचेच हे घरगुती रूप. गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यात पुसलेली फाइल ३० दिवस राहते, जुन्या आवृत्त्याही साधारण तितकेच दिवस मिळतात. म्हणजे चूक महिन्याच्या आत लक्षात आली तर ठीक.

क्लाउड वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. पूर आणि चोरी यांवर तो उत्तम उपाय आहे. फक्त त्यात चालू फोल्डर जोडून निश्चिंत होण्याऐवजी बॅकअपची तारीख घातलेली फाइल वेगळी चढवावी. मोफत मिळणारे १५ जीबी हे जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून आहेत, हेही लक्षात असू द्यावे. जागा भरली की बॅकअप थांबतो आणि तशी सूचना देणारी ईमेल नातवंडांच्या फोटोंच्या गर्दीत कोणी वाचत नाही.

टॅली, फोन आणि बाकीचे

आपल्याकडे हिशेबासाठी टॅली सर्रास वापरली जाते. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबली की 'डेटा' ची यादी उघडते. तिच्यातच बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही आहेत. बॅकअप घेताना तो कोणत्या जागी जातो आहे ते नीट वाचावे. त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर गेलेला बॅकअप डिस्क बिघडली की मूळ फाइलबरोबरच जाईल. रिस्टोअर करताना याहून जास्त सावध राहावे, कारण चालू फोल्डरवरच रिस्टोअर केले तर जुनी प्रत नव्या नोंदींवर चढते. एक रिकामे फोल्डर करून तिथे रिस्टोअर करावे आणि आधी आकडे पाहून घ्यावेत.

दवाखान्याचे किंवा दुकानाचे सॉफ्टवेअर एखाद्या लहान कंपनीचे असेल, तर तिला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: माहिती कुठे साठते, ती आम्हाला एक्सेलसारख्या साध्या रूपात काढून मिळेल का, आणि आम्ही सेवा बंद केली किंवा तुम्ही कंपनी बंद केली तर काय. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस हसला तरी उत्तर घ्यावे.

फोनचा विसर पडतो. डबे, केक, शिवणकाम, गणपतीच्या मूर्ती असे व्यवसाय घरून करणाऱ्या आपल्या भगिनींचा सगळा धंदा व्हॉट्सॲपवर असतो: ऑर्डर, पत्ते, मापे, आगाऊ रक्कम. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यात जातो आणि त्याच १५ जीबीत मोजला जातो. तो चालू आहे का, शेवटचा कधी झाला, हे सेटिंगमधल्या 'चॅट बॅकअप' मध्ये दिसते. तिथे पासवर्डने किंवा ६४ अंकी किल्लीने बॅकअप कुलूपबंद करण्याची सोय आहे. ती चांगली आहे, पण किल्ली हरवली तर व्हॉट्सॲपही तो उघडून देऊ शकत नाही. ऑर्डरींची एक साधी वही किंवा एक्सेलची यादी शेजारी ठेवली तर आणखी बरे.

परत घेऊन पाहणे

घेतलेला बॅकअप उघडतो का, हे पाहिल्याशिवाय तो आहे असे म्हणता येत नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका अभियंत्याने थकव्याच्या भरात चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या पाच व्यवस्था असूनही त्या रात्री नीट चालणारी एकही निघाली नाही. कुठे फाइल रिकामी होती, कुठे बिघाडाच्या सूचना पोचतच नव्हत्या. चाचणीसाठी कोणीतरी सहा तास आधी काढून ठेवलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांचे काम गेले. कंपनीने हे सगळे लपवून न ठेवता जगापुढे मांडले, हे तिचे मोठेपण.

मुलांना आवडणाऱ्या 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचीही अशीच गोष्ट आहे. १९९८ मध्ये पिक्सारच्या संगणकांवरून एका चुकीच्या आज्ञेमुळे चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट होत नव्हता हे तेव्हा कळले. एका पर्यवेक्षिकेने बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर प्रत ठेवली होती, तिच्यावरून काम सावरले.

आपल्याकडे तीन महिन्यांतून एकदा, एखाद्या रविवारी, घरच्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून पाहावा. पाच गिऱ्हाइकांची बाकी दुकानातल्या आकड्याशी ताडून पाहावी, एक जुने बिल छापून पाहावे. किती वेळ लागला तोही लिहून ठेवावा.

कायदा काय म्हणतो

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरणार्थ २०२३-२४ सालच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ती वही ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवी. एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त काळ. ज्यांचा व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून नोंदलेला आहे त्यांना आठ आर्थिक वर्षांचे हिशेब ठेवावे लागतात, आणि ऑगस्ट २०२२ पासून संगणकावरच्या हिशेबाचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचा नियम आहे. लहान कंपन्यांतल्या अनेकांना हे ठाऊक नसते. आपल्या सीएंना विचारून घ्यावे.

बॅकअपची डिस्क म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांची किंवा रुग्णांची माहितीही आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावर टाकली आहे. रिक्षात विसरलेली दवाखान्याची डिस्क कोणालाही उघडता येऊ नये, म्हणून तिला पासवर्डचे कुलूप घालावे.

घरातल्या माणसांसाठी

कुलूप म्हटले की किल्ली आली, आणि इथेच आपल्या घरांतला खरा धोका आहे. डिस्क शाबूत, क्लाउड शाबूत, पण पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात. तो माणूस आयसीयूमध्ये असेल किंवा गेलेला असेल, तर बाहेर बसलेल्या पत्नीला आणि मुलांना पगार कोणाचा द्यायचा, माल कोणाचा आला आहे, उधारी कोणाकडे आहे, काहीच कळत नाही. दुःखाच्या दिवसांत देणेकरी घरी येतात. येणे असलेले येत नाहीत.

गूगलच्या खात्यात 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' नावाची सोय आहे. खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर आपण निवडलेल्या माणसांना कळवले जाते आणि सांगितली असेल ती माहिती त्यांच्या हाती दिली जाते. मुदत कमीत कमी तीन महिन्यांची ठेवता येते. ही सोय लावून ठेवावी, कारण दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते.

त्याहून साधा उपाय लिफाफ्याचा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड, बॅकअपच्या डिस्कची किल्ली, धंद्याचा ईमेल आणि तो कोणत्या फोन नंबरला जोडलेला आहे, 'अ' आणि 'ब' डिस्क कुठे असतात, सीएंचा आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याचा फोन, हे सगळे एका कागदावर मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहावे. बँकेचे पिन त्यात लिहू नयेत. लिफाफा बंद करून वर तारीख घालावी, घरच्या कपाटात विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा आणि तो कुठे आहे हे घरातल्या दोन माणसांना सांगावे. वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या दिवशी, जुना फाडून नवा लिहावा. मधे पासवर्ड बदलला तर त्याच दिवशी.